माध्यमाच्या रकान्यात माझा बाप

आमच्या आर्ट कॉलेजात वर्षातून एकदा पाहुणा कलावंत यायचा. कार्यक्रम ठरलेला. शाल, श्रीफळ, कुंडीतलं रोप. मग डेमो. पाहुणा दोन तासांत शिपाईमामांचं नाहीतर फर्स्ट इयरच्या एखाद्या दाढीवाल्या पोराचं पोर्ट्रेट मारणार, आम्ही सगळे मोबाइल वर धरून शूट करणार, डोळ्यातला शेवटचा हायलाइट पडला की टाळ्या. चहा, ग्रुप फोटो, संध्याकाळपर्यंत स्टोरी. दुसऱ्या दिवशी आम्ही परत आपापल्या स्टिल लाइफपुढे.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा आलेल्या पाहुण्या वेगळ्या होत्या. मुंबईच्या, पन्नाशीच्या. शिक्षण प्रिंटमेकिंगचं, पण पुढे व्हिडिओ, कापड, माती, पत्रा, आवाज असं सगळं हाताळलेलं. सरांनी ओळख करून देताना ‘बहुमाध्यमी कलावंत’ हा शब्द चार वेळा वापरला. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण त्यांच्या एकटीशी नाही. खरं तर सगळ्यात मोठं भांडण माझं माझ्याशीच आहे. पण ते नंतर.

त्यांनी पोर्ट्रेट करायला नकार दिला. म्हणाल्या, मला एक पत्रा द्या, एनॅमलचे दोन डबे द्या आणि बोर्ड रंगवणारे पेंटर वापरतात तसला चपटा ब्रश द्या. कॉलेजात ऑइलचे ब्रश होते, वॉटरकलरचे होते, हा नव्हता. सर म्हणाले, “कुणी स्टँडकडे जाऊन आणेल का?” मी उठले.

स्टँडच्या मागे माझ्या वडिलांचं दुकान आहे. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. अख्खं गाव त्यांना ‘पेंटर’ म्हणतं, आडनाव कुणाला माहीत नाही. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता. तिथे मी ‘जाहिरात क्षेत्र’ असं लिहिलं होतं. खोटं नव्हतंच ते. पण खरंही नव्हतं.

आण्णांनी काही विचारलं नाही. डब्यातून एक इंची ब्रश काढला, टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्यानं पुसला, “परत आण गं, सवयीचा आहे,” एवढंच म्हणाले. ब्रशचे केस एका बाजूनं झिजलेले होते, दांड्याला पकडीच्या जागी दोरा गुंडाळला होता. पाहुण्यांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि मला विचारलं, “कुणाचा आहे हा? वीस वर्षं एकाच हातात असणार.”

मी म्हटलं, “दुकानातून आणला, मॅडम.”

*

संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या कामाच्या स्लाइड दाखवल्या. एक काम होतं बारा पत्र्यांचं. मुंबईच्या गिरणगावात बंद पडलेल्या दुकानांची नावं प्रत्येक पत्र्यावर मोठ्या अक्षरात रंगवलेली, बाजूला व्हिडिओ, वर स्पीकरमधून रस्त्याचा आवाज. काम चांगलं होतं, आजही माझ्या डोळ्यापुढे आहे. खाली पट्टी होती: कलाकृतीचं नाव, त्यांचं नाव, वर्ष. आणि माध्यम: एनॅमल, जीआय पत्रा, व्हिडिओ, ध्वनी.

अक्षरं बघितल्याबरोबर मला कळलं की ती त्यांच्या हातची नाहीत. सकाळी डेमोत मी त्यांचा हात पाहिला होता. पत्र्यावरच्या ‘श’चं वळण एका दमात मारलेलं होतं, शेड सगळीकडे एकाच बाजूला आणि एकाच जाडीची. असं वळण यायला निम्मं आयुष्य जातं. हे मला कुठल्या लेक्चरमध्ये कळलेलं नाही. मी ते दुकानात बसून गृहपाठ करताना शिकले.

सेकंड इयरच्या एका मुलानं हात वर केला. “मॅडम, अक्षरं तुम्ही काढलीत?”

“नाही. परळच्या एका पेंटरकडून करून घेतली.”

“त्यांचं नाव?”

त्या थांबल्या. खोटं बोलल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाल्या, “आता आठवत नाही.” लगेच आमचे सर मदतीला धावले: “हे बघा, इथे कन्सेप्ट महत्त्वाचा आहे. एक्झिक्युशन कुणीही करतं.”

याच सरांनी मागच्या वर्षी माझं एक कॉम्पोझिशन परत केलं होतं. मी त्यात बाजारातली दुकानं घेतली होती आणि दुकानांच्या पाट्या अगदी पाट्यांसारख्या रंगवल्या होत्या, शेडसकट. सर म्हणाले होते, “हे बोर्ड पेंटिंग झालं. ते बाहेर रस्त्यावर चालतं.”

म्हणजे बघा. तोच एनॅमल, तोच पत्रा, तीच अक्षरं. आण्णांनी केली तर धंदा. मी केली तर चूक. पाहुण्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली तर बहुमाध्यमी कला. यातला फरक मला कुणीतरी रंगाच्या भाषेत समजावून सांगावा. ब्रशच्या, पृष्ठभागाच्या, रेषेच्या भाषेत सांगावा. मला खात्री आहे, तसा तो सांगता येत नाही. तो सांगायचा तर वर्गाच्या आणि जातीच्या भाषेतच सांगावा लागतो, म्हणून कुणी सांगत नाही.

*

आपल्याकडे माध्यम निवडायची पद्धत फार उशिरा आली. गावगाड्यात ते जन्मानं मिळायचं. माती कुंभाराची, लाकूड सुताराचं, लोखंड लोहाराचं, कातडं चांभाराचं. एकाच्या हातातली वस्तू दुसऱ्यानं धरायची नाही. मुंबईत 1857 मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून आर्ट स्कूल उभं राहिलं, तेव्हा हे गणित थोडं हललं. माती शिकायला कुंभाराच्या घरी जन्मायची गरज उरली नाही. ही मोठीच गोष्ट होती आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

पण भिंती पडल्या नाहीत, त्यांना फक्त नवीन नावं मिळाली. हा पेंटिंगचा वर्ग, हा शिल्पाचा, हा कापडाचा, हा सिरॅमिकचा. वर ‘फाइन’ बसलं, खाली ‘क्राफ्ट’. 1958 मध्ये जेजेमधून उपयोजित कला वेगळी काढून तिची स्वतंत्र संस्था झाली. त्याला प्रशासकीय कारणं असतील, पण राज्यभरातल्या लहान कॉलेजांत आमच्यापर्यंत जे झिरपलं ते एवढंच: पेंटिंगवाले कलावंत, अप्लाइडवाले नोकरदार आणि स्टँडमागचा पेंटर हा तर मोजण्यातच नाही. आमच्या कॉलेजात पेंटिंगच्या मुलीनं शिल्पाच्या शेडमध्ये जाऊन मातीला हात लावायचा तर दोन सह्या लागायच्या. मी एकदा मागितल्या. “आधी आपलं पूर्ण कर,” हे उत्तर मिळालं.

आणि याच भागात कोल्हापूर आहे, जिथे बाबूराव पेंटर होऊन गेले. मूळ आडनाव मेस्त्री. कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकले नाहीत. वडिलांचा हात सुतारकामात आणि मूर्तिकामात बसलेला, तो घरातच मिळाला. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. ‘राजा हरिश्चंद्र’ आल्यावर सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव गेल्यावर बाबूराव आणि त्यांचे सहकारी दामले यांनी खटपट करून कॅमेराच घरी बनवला. 1920 मध्ये ‘सैरंध्री’, 1925 मध्ये ‘सावकारी पाश’. सेट त्यांचे, पोस्टर त्यांची, वर शिल्पंही केली. त्या मांडवाखालून निघालेले दामले आणि फत्तेलाल हे दोघेही मुळात पडदे रंगवणाऱ्या हातांचे, आणि त्यांनी 1936 मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. हुसेननी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली आणि 1967 मध्ये केलेल्या लघुपटाला बर्लिनमध्ये गोल्डन बेअर मिळालं. कोल्हापूरच्या भानू अथय्या जेजेमध्ये चित्रकला शिकल्या, पुढे कपडेपटाकडे वळल्या आणि 1983 मध्ये ऑस्कर घेऊन आल्या.

यांच्या जयंतीला आम्ही हार घालतो. पण आज ‘पडदे रंगवतो, थोडी सुतारकी येते, कॅमेरा उघडून बघायचाय’ असं सांगणारा पोरगा आमच्या कॉलेजच्या इंटरव्ह्यूला बसला, तर त्याला कुठल्या विभागात घालायचं यावरच मीटिंग होईल.

*

आता आण्णांचं सांगते, म्हणजे ‘बहुमाध्यमी’ या शब्दाचा खरा अर्थ कळेल.

त्यांनी एका पेंटरच्या हाताखाली सहा वर्षं काढली. पहिली दोन वर्षं फक्त डबे धुणं आणि खडूची दोरी धरणं. दोरी ताणून पत्र्यावर दोन रेघा मारायच्या, एक शिरोरेषेची, एक पायाची. मग अक्षरं मोजून जागा वाटायची. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नंबर प्लेट, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती. मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला फ्लेक्स आला आणि एका वर्षात निम्मं काम गेलं. आण्णांनी रेडियम कापायला शिकून घेतलं. तेही मशीननं व्हायला लागलं, तेव्हा चाळिशी जवळ आलेली असताना ते एका पोराकडे जाऊन कोरलड्रॉ शिकले. माउस धरताना त्यांचा हात थरथरायचा, ब्रश धरताना कधीच थरथरला नाही. गणपतीत थर्माकोलचे देखावे करायचे. 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा दोन महिन्यांत पुठ्ठा, कापड आणि प्लायवर आले. मध्यंतरी फायबरचे पुतळेही रंगवले.

एनॅमल, रेडियम, कॉम्प्युटर, थर्माकोल, पुठ्ठा, फायबर. एवढी माध्यमं आमच्या कुठल्या प्राध्यापकानं हाताळली आहेत? पण आण्णांना कुणी बहुमाध्यमी म्हटलं नाही. लोक म्हणाले, “पेंटर, फ्लेक्स पण करता का आता? बरं झालं.”

कारण त्यांनी माध्यम भुकेसाठी बदललं. पाहुण्यांनी ते कुतूहलापोटी बदललं. मी भुकेचं कौतुक करायला बसलेले नाही, ते कौतुक करणाऱ्यांचा मला राग आहे. कुतूहलानं माध्यम बदलायची मुभा आण्णांनाही मिळायला हवी होती, हे माझं म्हणणं आहे. त्यांना मातीत काम करायचं होतं. दुकानात कपाटावर शाडूचा एक बैल आहे, अर्धा. गेली अनेक वर्षं अर्धाच आहे.

*

यावर एक उत्तर ठरलेलं आहे आणि ते मी आमच्या सरांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलंय: एक ना धड, भाराभर चिंध्या. आधी एक माध्यम पक्कं कर, मग बाकीच्यांकडे जा.

या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. इन्स्टावर आज एक पोरगी राळ ओतते, उद्या विणते, परवा कुंभाराच्या चाकावर बसते, आणि तिन्ही रील सारख्याच पोकळ असतात. पण हात पक्का होणं म्हणजे एका खोलीत कोंडून घेणं नव्हे. आण्णांनी कोरलड्रॉमध्ये केलेली पाटी आणि समोरच्या झेरॉक्सवाल्यानं केलेली पाटी शेजारी ठेवा. आण्णा तयार फॉन्ट तसाच टाकत नाहीत. अक्षरं माउसनं सरकवतात, काना जरा आत घेतात, ‘क्ष’ला श्वास देतात. तीस वर्षांची दोरी त्या माउसमध्ये उतरलेली आहे. एका माध्यमात कमावलेलं दुसऱ्यात वाया जात नाही, उलट तिथेच ते कळतं. आणि चिंध्यांचंच बोलायचं तर माझी आजी चिंध्यांचीच गोधडी शिवायची. तिला भाराभर लागायच्या.

दुसरं उत्तर नवीन आहे: आता नवं शैक्षणिक धोरण आलंय, 2020 चं. त्यात ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द जागोजागी आहे, आता सगळ्या भिंती पडणार. मला भीती आहे ती याचीच. भिंत पडणार नाही, वेळापत्रकात एक तास वाढणार. शुक्रवारी दोन ते चार ‘इतर माध्यम’. दोन क्रेडिट. वर्षाअखेरीला पाहुणा येणार आणि ते ‘इतर माध्यम’ आम्हाला स्लाइडवर दाखवणार.

म्हणून स्पष्ट लिहिते. आमच्यापैकी कितीतरी मुलंमुली शिवणकाम, सुतारकाम, मूर्तिकाम, मांडव, बँडच्या गाड्यांची सजावट असल्या घरांतून येतात. आम्ही कॉलेजात येतो तेव्हा दोन-तीन माध्यमं हातात घेऊनच येतो. कॉलेज पहिल्या वर्षी ती गेटवर काढून ठेवायला लावतं. आणि शेवटच्या वर्षी मुंबईहून पाहुणा बोलावून तीच आम्हाला नवीन म्हणून दाखवतं. आम्ही टाळ्या वाजवतो.

*

मी पण वाजवल्या. त्या संध्याकाळी, त्या बारा पत्र्यांना. वाजवल्याच पाहिजेत असं काम होतं. पण ‘त्यांचं नाव?’ हा प्रश्न मी विचारला नाही, दुसऱ्यानं विचारला. मी गप्प होते, कारण तो विचारला असता तर पुढचा प्रश्न मला आला असता. परळच्या त्या पेंटरचं नाव पाहुण्यांना आठवलं नाही, हे वाईटच. पण मी तर सकाळी माझ्या बापाचं नाव आठवत असून गिळलं होतं. आमच्या दोघींत जास्त चूक कुणाची?

रात्री झोप लागली नाही. सकाळी त्या निघण्याआधी मी गेस्ट हाऊसवर गेले आणि म्हटलं, “मॅडम, कालचा ब्रश माझ्या वडिलांचा आहे.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत, ‘अगं, मग सांगायचंस ना’ असंही म्हणाल्या नाहीत. “दुकान लांब आहे का?” एवढं विचारलं.

आण्णांनी स्टूल पुसून दिलं, “मॅडम, बसा.” पहिली पाच मिनिटं दोघंही अवघडलेले. मग विषय निघाला पावसाळ्यात एनॅमल लवकर वाळत नाही यावर. मग ब्रशच्या केसांवर. मग त्या म्हणाल्या, “दादा, मला ‘श’ येत नाही.” आण्णांनी रद्दीच्या पत्र्यावर तीन वेळा काढून दाखवला, चौथ्यांदा ब्रश त्यांच्या हातात दिला. त्यांचा ‘श’ पोटात फुगला. आण्णा हसले, म्हणाले, “दम मधेच सोडला तुम्ही.” त्यांची गाडी चुकली. कपाटावरचा बैल त्यांना दिसला, त्यांनी विचारलं. आण्णा म्हणाले, “ते असंच.”

जाताना त्या दुकानाबाहेर मला म्हणाल्या की परळच्या त्या दुकानाची जागा त्यांना अजून आठवते, तिथे जाऊन विचारणार आहेत. पुढे त्या गेल्या की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पट्टीवर ते नाव कधीतरी दिसेल म्हणून मी वाट बघते आहे.

*

वादाच्या लेखात शेवटी मागण्या असाव्यात. माझ्या चार आहेत आणि एकीलाही फार पैसे लागत नाहीत.

एक. पट्टीवर नाव लिहा. एनॅमल स्वतःहून पत्र्यावर चढत नाही. कुणी विणलं, कुणी ओतलं, कुणी अक्षरं काढली, ते लिहा. सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयपर्यंत नावं येतात, तरी दिग्दर्शक लहान होत नाही.

दोन. पाहुणा मुंबईहूनच का? वर्षातून एकदा स्टँडमागचा पेंटर, कुंभारवाड्यातला मूर्तिकार, मांडववाला यांनाही बोलवा. शाल-श्रीफळ नको. मुंबईच्या पाहुण्याला जेवढं मानधन देता तेवढंच द्या आणि पाकिटावर तेवढ्याच आदरानं नाव घाला.

तीन. शेडच्या दाराला कुलूप लावू नका. कुठल्याही विभागाच्या मुलाला कुठल्याही विभागात जाऊन हात घाण करू द्या, सहीशिवाय. बिघडलं तर एक किलो माती बिघडेल.

चौथी मागणी कॉलेजकडे नाही, माझ्यासारख्यांकडे आहे. अर्जावर खरा व्यवसाय लिहा. आपण लपवतो म्हणून त्यांना वाटतं की या वर्गात असलं कुणी नाहीच. तुम्ही ‘जाहिरात क्षेत्र’ लिहिलंत, शेजारच्यानं ‘स्वतःचा उद्योग’ लिहिलं, तिसरीनं ‘शेती’ लिहून सुटका करून घेतली, आणि तिघांच्याही घरात ब्रश, पटाशी आणि शिवणयंत्र आहे. हे एकमेकांना कळायला आपल्याला चार वर्षं लागतात. मला तीन लागली.

शेवटच्या वर्षी माझ्या डिस्प्लेत सात पत्रे होते. पाच मी रंगवले, दोन आण्णांनी. फॉर्मवर माध्यमाचा रकाना होता. तिथे मी एनॅमल आणि पत्रा असं लिहिलं आणि त्याखाली दोन पत्र्यांवरची अक्षरं कुणी काढली ते पूर्ण नाव आणि आडनावासकट लिहिलं. सरांनी विचारलं, “हे कोण?” मी सांगितलं. मार्क बेताचेच पडले. आण्णा डिस्प्ले बघायला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. स्वतःच्या नावापुढे थांबले नाहीत, सरळ माझ्या तिसऱ्या पत्र्याकडे गेले आणि म्हणाले, “हा काना जरा आत घ्यायला पाहिजे होता.”

बरोबर होतं त्यांचं.